मीटरच्या पुढची तार कोणाची?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



१९७८ च्या जून महिन्यात मी मुखेडला शिक्षक म्हणून रुजू झालो. एक ट्रंक, एक वळकटी आणि रॉकेलचा स्टोव्ह घेऊन एसटीतून उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी एका वाड्यात खोली किरायाने घेतली. आमच्या मराठवाड्यात आजही भाड्याने म्हणत नाहीत, किरायाने म्हणतात. किराया ठरला महिना तीस रुपये. मालक वयस्कर होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. बोलणी झाल्यावर आप्पा म्हणाले, ‘‘गुरुजी, लाइटीचे पैसे वेगळे बरं का. एका दिव्याचे दोन रुपये. पंखा लावलात तर तीन रुपये वरून.’’

मी हो म्हटले. बटण दाबून दिवा लागतो का तेवढे पाहिले आणि सामान लावायला घेतले. दिव्यापर्यंत जाणारी तार कशी आहे हे पाहायचे असते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. आप्पांनी सांगितले नाही, कारण त्यांनाही ते कधी कुणी सांगितलेले नव्हते.

आज मला त्या तारेबद्दल बोलायचे आहे. किरायाच्या घरातली वीज सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न माझ्या आयुष्यात दोनदा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. एकदा शेजारी म्हणून आणि एकदा घरमालक म्हणून. दोन्ही वेळा मी कमी पडलो. तेव्हा हे भाषण उपदेश म्हणून ऐकू नका, कबुली म्हणून ऐका.

थोडा इतिहास आधी पाहू. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. घरभाड्याचा कायदा मात्र जुनाच राहिला. हैदराबाद राज्याने १९५४ साली घरांचे भाडे, निष्कासन आणि पट्टा यांविषयी एक नियंत्रण कायदा केला होता. मुंबई-पुण्याला १९४७ चा मुंबईचा कायदा, विदर्भाला १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा आदेश आणि आम्हाला हा १९५४ चा हैदराबादचा कायदा. राज्य एक झाले तरी किरायदाराचा कायदा तीन ठिकाणी तीन, आणि हे असे चाळीस वर्षे चालले.

विजेची व्यवस्था निराळी होती. १९१० चा भारतीय वीज कायदा आणि त्याखाली १९५६ साली केलेले वीज नियम. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खेडोपाडी खांब उभे राहिले. कंदील आणि चिमणी यांच्या जागी बल्ब आला. लोकांना त्याचे केवढे अप्रूप होते, ते आजच्या मुलांना सांगून कळणार नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. घराचा कायदा एका खात्याचा आणि विजेचा कायदा दुसऱ्या खात्याचा. घरात शिरलेली तार या दोघांच्या मधोमध लोंबत राहिली.

त्या काळचे वाडे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी सरे, त्यावर पांढरी माती टाकून केलेले माळवद. भिंतीवर सागवानी पट्टी ठोकून तिच्यावर क्लिपांनी दोन तारा बसवलेल्या. काळे गोल बटण, चिनी मातीचा फ्यूज. एका खोलीला एक दिवा, फार तर एक पंखा. एवढ्यासाठी दोन तारा पुरत होत्या. तिसरी तार, म्हणजे जमिनीत नेऊन सोडलेली अर्थिंगची तार, बहुतेक खोल्यांत नव्हतीच. तिचे काम काय, हेही कुणाला माहीत नव्हते.

मग इस्त्री आली. टीव्ही आला, मिक्सर आला, पाणी तापवायचा रॉड आला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे अंगाची लाही, त्यामुळे लोखंडी पत्र्याचा कूलर घरोघर आला. त्यात खाली पाणी, मध्ये पंप, वर पंखा आणि बाहेरून सगळा पत्रा. घरातला भार दहापट झाला आणि तारा मात्र दोन दिव्यांच्या काळातल्याच राहिल्या. फ्यूज वारंवार उडायला लागला, तेव्हा लोकांनी त्यात जाड तार बांधली. फ्यूज उडायचा थांबला आणि सगळ्यांना वाटले की बिघाड दुरुस्त झाला.

माळवद पावसाळ्यात गळते. ओल भिंतीत उतरते आणि लाकडी पट्टीत मुरते. आमच्या वाड्यात श्रावणात बटणाला हात लावला की झिणझिण्या येत. कपडे वाळत घालायची लोखंडी तार एका टोकाला विजेच्या ब्रॅकेटलाच बांधलेली होती. माझ्या पत्नीला तिथे दोनदा धक्का बसला. मी आप्पांना सांगितले. आप्पा म्हणाले, ‘‘पावसाळ्यात करंट मारतोच हो गुरुजी. पायात चप्पल घालत जा म्हणावं सूनबाईंना.’’ आम्ही चप्पल घालायला लागलो. तक्रार तिथेच मिटली.

आता १९८६ सालची गोष्ट. जून महिना, पहिला दमदार पाऊस पडून गेलेला. आमच्या गल्लीच्या टोकाला एका घरामागे पत्र्याच्या चार खोल्या काढलेल्या होत्या. आसपासच्या खेड्यांतली शिकायला आलेली मुले तिथे दोघे-तिघे मिळून राहत. पीठ, तांदूळ घरून आणायचे, स्टोव्हवर शिजवायचे आणि अभ्यास करायचा. त्यांतला एक मुलगा माझ्याच वर्गातला होता, दहावीला नुकताच गेलेला. सकाळी अंघोळ करून ओल्या पंचावर आला, पत्र्याचे दार ओढायला हात घातला आणि तिथेच चिकटला. सोबतच्या पोराने लाकडी पाटाने हात सोडवला, तोवर उशीर झालेला होता.

बोलावणे आले तेव्हा मी शाळेत निघालो होतो. पंचनाम्याला दोन प्रतिष्ठित पंच लागतात. एक गल्लीतले किराणा दुकानदार आणि दुसरा मी. खोलीत दिव्यासाठी आलेली तार पत्र्याला पाडलेल्या भोकातून आत घेतली होती. वाऱ्याने हलून हलून तिचे वरचे आवरण त्या भोकाच्या धारेवर घासले गेले होते. तांब्याचा केसाएवढा भाग उघडा पडून पत्र्याला टेकला होता. कदाचित कितीतरी दिवस टेकलेला असेल. पत्रा कोरड्या विटांवर होता, त्यामुळे विजेला जमिनीत जायला वाट नव्हती. ती वाट त्या मुलाच्या ओल्या अंगाने मिळाली.

तिथे उभ्या असलेल्या माणसांचे बोलणे मला आजही आठवते. मालक म्हणाले, ‘‘वीज मंडळाची, मी काय करू?’’ लाइनमन आला होता. तो म्हणाला, ‘‘आमचं काम मीटरपर्यंत. पुढची फिटिंग मालकाची.’’ तो नियमाप्रमाणे बरोबरच बोलला. कुणीतरी म्हणाले, ‘‘पोरानं ओल्या हातानं धरलं असेल.’’ मुलाचा बाप दुपारी गावाकडून आला. त्याने कुणालाही काही विचारले नाही. पंचनाम्यात लिहिले गेले की पत्र्यात वीज उतरून अपघाती मृत्यू. जमादारांनी मला विचारले, ‘‘गुरुजी, बरोबर आहे ना?’’ मी म्हटले, बरोबर आहे, आणि सही केली.

लिहिले ते खोटे नव्हते. पण तारेपुढे पत्र्याला भोक कुणी पाडले, त्यात साधी रबरी नळीही का घातली नाही, ती फिटिंग परवाना असलेल्या माणसाने केली होती का, यांतला एकही प्रश्न मी विचारला नाही. मला सुचलाच नाही. पुढे कितीतरी वर्षांनी एका वकील मित्राकडे १९५६ चे वीज नियम वाचायला मिळाले, तेव्हा कळले की हे सगळे प्रश्न आधीच कुणीतरी लिहून ठेवलेले होते.

त्या नियमांत काय होते ते थोडक्यात सांगतो. ग्राहकाच्या आवारात पुरवठादाराच्या मालकीच्या ज्या तारा आणि उपकरणे असतील, ती सुरक्षित ठेवणे हे पुरवठादाराचे काम. आपल्या ताब्यातली फिटिंग सुरक्षित ठेवणे हे ग्राहकाचे काम. पुरवठा जिथे सुरू होतो, तिथे अर्थिंगचे एक टोक पुरवठादाराने द्यायचे. घरातले वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकदा जोडलेल्या प्रत्येक फिटिंगची जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने तपासणी व चाचणी व्हायची. विजेच्या अपघातात माणूस दगावला तर वीज निरीक्षकाकडे त्याची सूचना जाण्याची आणि चौकशीची तरतूद १९१० च्या कायद्यातच होती.

पाच वर्षांनी तपासणी! १९५६ साली लिहिलेले! मी ते कलम दोनदा वाचले. घरगुती जोडण्या हजारांतून लाखांत आणि लाखांतून कोटींत गेल्या. प्रत्येक खोलीच्या दारात दर पाच वर्षांनी कोण जाणार? नियम पुस्तकात राहिला आणि तार भिंतीवर.

या नियमांत आणखी एक गाठ आहे. ग्राहक म्हणजे कोण? वीजबिलावर नाव मालकाचे, वीज वापरतो किरायदार. फिटिंग नक्की कोणाच्या ताब्यात? मालक म्हणतो, राहतो तो. किरायदार म्हणतो, घर माझे नाही, भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावे लागते. दोघांचेही म्हणणे ऐकायला खरे वाटते आणि मधल्या मध्ये तार सडत जाते.

रस्त्यावरच्या तारेचे तसे नाही. १९९७ साली जबलपूरला पावसात रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेने एका सायकलस्वाराचा जीव गेला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले की अशी धोक्याची वस्तू जो वाहून नेतो, त्याच्यावरच भरपाईची जबाबदारी पडते, त्याचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. म्हणजे मीटरच्या अलीकडच्या तारेला धनी आहे. प्रश्न उरतो मीटरच्या पुढचा.

त्यासाठी घराच्या कायद्याकडे जावे लागते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात एक जुने, पण फार शहाणपणाचे कलम आहे. घरात असा एखादा मोठा दोष असेल, जो मालकाला ठाऊक आहे आणि किरायदाराला साधी काळजी घेऊनही दिसणार नाही, तर तो मालकाने आधी सांगितला पाहिजे. हा कायदा झाला तेव्हा घराघरांत वीज नव्हती. तरी भिंतीआडची सडकी तार आणि प्लगमागचे रिकामे अर्थिंग यांना हे वर्णन किती चपखल बसते, ते तुम्हीच पाहा.

पुढे ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ अमलात आला. तिन्ही जुने कायदे गेले, त्यांत आमचा हैदराबादचाही गेला. पूर्वी आमच्याकडे भाडे नियंत्रकापुढे जावे लागे, ते वाद आता दिवाणी न्यायालयात आले. या कायद्याचे कलम १४ सांगते की उलट करार नसेल, तर घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. मालकाने टाळाटाळ केली, तर किरायदाराने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, वाजवी मुदत वाट पाहायची आणि मग स्वतः दुरुस्ती करून खर्च किरायातून वळता करायचा. मर्यादा एवढीच की एका वर्षात वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशाहून जास्त वळता करता येत नाही. कलम २९ सांगते की पाणी, वीज, जिन्यातला दिवा अशा आवश्यक सोयी मालकाने सबळ कारणाशिवाय तोडायच्या नाहीत. तक्रार केली म्हणून किरायदाराची लाइट कापणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. तिला कायद्याने हात घातला आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायचा आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची.

दोन पळवाटा मात्र ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एक, ‘उलट करार नसेल तर’ हे शब्द. छापील नमुन्यात ‘सर्व दुरुस्ती किरायदाराने करावी’ अशी एक ओळ असते आणि आपण ती न वाचता सही करतो. दुसरी, अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार. त्यात राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. कलम १४ चा आधार त्याला सहजासहजी मिळत नाही. शिवाय हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या गावांना लागू आहे, सगळ्या खेड्यापाड्यांना नाही. म्हणून करारात काय लिहिले, याला फार महत्त्व आहे.

वीज मिळण्याच्या बाबतीत किरायदाराची बाजू २००३ च्या वीज कायद्याने पक्की केली. जागेच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने, दोघांपैकी कुणीही मागणी केली तरी जोडणी द्यायची, असे त्याचे कलम ४३ सांगते. मालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणाने किरायदाराला वीज नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. बिलावर आपले नाव आले की मालकाच्या मीटरवरून चोरून ओढलेल्या लांबलचक तारेची गरज उरत नाही. हीदेखील सुरक्षितताच आहे.

आणि २०२१ साली केंद्र सरकारने राज्यांपुढे आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना ठेवला. तो स्वीकारणे राज्यांवर बंधनकारक नाही, पण त्याच्या परिशिष्टातली वाटणी पाहण्यासारखी आहे. घराच्या आतले व बाहेरचे वायरिंग आणि त्याची देखभाल मालकाकडे, बटणे आणि प्लग यांची किरकोळ दुरुस्ती किरायदाराकडे. १९८६ साली त्या पत्र्याच्या खोलीबाहेर आम्ही उभे होतो, तेव्हा जे उत्तर कुणापाशीच नव्हते, ते इथे दोन ओळींत लिहिले आहे.

बाहेरच्या जगाकडे एक नजर टाकू. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने अल्प मुदतीच्या भाडेकराराच्या घरातले विजेचे फिटिंग दुरुस्त ठेवणे मालकावर टाकले. तेवढ्याने भागले नाही, म्हणून २०२० साली आणखी नियम केले. खासगी किरायाच्या घराची वीज दर पाच वर्षांनी तरी जाणकाराकडून तपासून घ्यायची आणि अहवालाची प्रत किरायदाराच्या हातात द्यायची. पाच वर्षांचा आकडा आपल्याकडे १९५६ पासून होता. त्यांनी वेगळे केले ते एवढेच की तपासणीसाठी सरकारी माणसाची वाट न पाहता ती मालकाच्या अंगावर टाकली आणि कागद किरायदाराला दिला.

आता थोडे विज्ञान, कारण ते कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. आपल्याला वाटते की फ्यूज माणसाला वाचवतो. तसे नाही, फ्यूज तारेला वाचवतो. पाच अँपिअरचा फ्यूज पाच हजार मिलिअँपिअरपर्यंत गप्प बसतो. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅलझील या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून पाहिले की किती प्रवाहापर्यंत माणूस तार आपल्या हाताने सोडू शकतो. पुरुषांची सरासरी आली सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहाच्या आसपास. त्यापुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि माणूस चिकटतो. पाच हजार कुठे आणि सोळा कुठे! म्हणून १९६१ साली डॅलझील यांनी घरात वापरता येईल असे एक साधन तयार केले. जाणारी वीज आणि परत येणारी वीज यांत थोडासा फरक पडला, म्हणजे कुठेतरी गळती झाली, की क्षणात पुरवठा तोडायचा. असेच काम इतर देशांतही झाले होते. आपल्याकडे हेच साधन आरसीसीबी म्हणून मिळते आणि घरासाठी ३० मिलिअँपिअरचे घ्यायचे असते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि त्यानंतर २०२३ च्या सुरक्षा नियमांनी ठरावीक भारापुढच्या जोडण्यांना ते सक्तीचे केले आहे.

अर्थिंगचे काम त्याआधीचे. पत्र्यात, कूलरमध्ये वीज उतरली तर तिला माणसाऐवजी जमिनीत जायची सोपी वाट करून देणे. पण ती वाट जमिनीच्या ओलाव्यावर अवलंबून असते. आमची काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, खड्ड्यातले मीठ-कोळसा सुकून जातो आणि नेमके कूलर चालू असतात तेव्हाच अर्थिंग निकामी होते. म्हणून जुने वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतायला सांगत. आम्ही त्याला अंधश्रद्धा समजत होतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. शेजारच्या लातूर जिल्ह्यात दगड-मातीची घरे माणसांवर कोसळली. त्यानंतर माळवदाची सगळ्यांनीच धास्ती घेतली. मुखेडमध्येही अनेकांनी माती उतरवून वर पत्रे घातले. भूकंपाच्या दृष्टीने हलके छप्पर शहाणपणाचे होते. पण पत्र्यातून तार नेताना काय काळजी घ्यायची, हे त्या घाईत कुणी विचारले नाही. मीही कुणाला सांगितले नाही, आणि मी तर पंच होतो.

१९९८ साली मी स्वतःचे घर बांधले आणि मागच्या दोन खोल्या किरायाने दिल्या. आता लोक मला मालक म्हणू लागले. २००७ च्या उन्हाळ्यात तिथे राहणारी एक तरुण बाई दारात येऊन म्हणाली, ‘‘सर, मिक्सरला हात लावला की मुंग्या येतात. कूलरलाही येतात.’’

मी काय म्हणालो असेन? ‘‘अगं, ओल्या हातानं लावत असशील.’’

बोलून गेलो आणि माझे शब्द माझ्याच कानात वाजले. एकवीस वर्षांपूर्वी त्या पत्र्याच्या दारापाशी हेच वाक्य मी ऐकले होते. त्याच संध्याकाळी परवानाधारक वायरमनला बोलावले. त्याने बोर्ड उघडून मला जवळ बोलावले आणि बॅटरी मारून दाखवले. तीन भोकांच्या प्लगमागे दोनच तारा होत्या. वरच्या मोठ्या भोकामागे काहीच नव्हते. सगळ्या घरात तसेच होते. बांधताना तार वाचवली गेली होती आणि मी बाहेरून तीन भोके मोजून समाधान मानले होते. नऊ वर्षे त्या खोल्यांचा किराया मी घेत होतो.

खड्डा घेतला, तिसरी तार सगळीकडे फिरवली, आरसीसीबी बसवला. दोन-अडीच महिन्यांच्या किरायाएवढा खर्च आला. त्या बाईची मी माफी मागितली. ती संकोचून म्हणाली, ‘‘असू द्या सर, तुम्ही केलंत तरी.’’ ते ‘तरी’ मला पुरले.

ऑगस्ट २०२५ मध्ये अतिवृष्टी झाली आणि मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरले. माणसे दगावली, संसार वाहून गेले. पाणी ओसरल्यावर जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले, ‘‘सर, लाइट चालू करावी का?’’ मी एकच सांगत होतो. बोर्ड भिजला असेल तर वरून कोरडा दिसला तरी आत पाणी असते. मेन स्विच बंद ठेवा, वायरमनकडून चाचणी करून घ्या, मगच चालू करा. दोन दिवस अंधारात बसावे लागले तरी चालेल.

देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांतली बरीचशी प्रकरणे अपघाती मृत्यू अशा दोन शब्दांत मिटतात. तशाच एका कागदावर माझी सही आहे.

कायद्याची कलमे वाचून आणि दोन्ही बाजूंनी राहून मी माझ्यापुरती एक वाटणी केली आहे. खांबापासून मीटरपर्यंत वीज कंपनी. मीटरपासून भिंतीतल्या प्लगपर्यंत मालक. प्लगच्या पुढे किरायदार, म्हणजे त्याचा रॉड, त्याचा कूलर, त्याची उघडी पडलेली वायर. माझ्या करारपत्रात ही वाटणी आता लिहिलेली असते. त्यासोबत शेवटच्या तपासणीची तारीख आणि वायरमनच्या अहवालाची प्रतही जोडलेली असते. किरायदाराने महिन्यातून एकदा आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून बघायचे आणि ते खटकन पडले नाही तर त्याच दिवशी मला सांगायचे. दर उन्हाळ्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी मी ओततो. वय झाले तरी ते काम दुसऱ्यावर सोपवलेले नाही.

तुम्ही किरायदार असाल, तर खोली बघताना दिवा लागतो का एवढेच पाहू नका. अर्थिंग आहे का, शेवटची तपासणी कधी झाली, असे मालकांना विचारा. त्यात भांडण नाही. आणि तुम्ही मालक असाल आणि कुणी दारात येऊन म्हणाले की मुंग्या येतात, तर हात ओले होते का ते विचारू नका. आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.